स्वतःच्या ब्रँडचं टॉप-लेव्हल डोमेन घेताय? आधी या चुका टाळा

स्टेट बँकेचं नेटबँकिंग ज्यांनी गेल्या काही वर्षांत वापरलंय, त्यांनी पत्त्याच्या शेवटी 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट एसबीआय' पाहिलं असेल. ऑनलाइनएसबीआय डॉट एसबीआय. हा शेवटचा तुकडा म्हणजे टॉप-लेव्हल डोमेन, थोडक्यात टीएलडी. डॉट कॉमखाली पैसे भरून कुणीही नाव घेऊ शकतं. डॉट एसबीआयखाली बँकेच्या परवानगीशिवाय एकही नाव निघत नाही. टाटांकडे डॉट टाटा आहे, रिलायन्सकडे डॉट जिओ, गूगलकडे डॉट गूगल.

ही नावं २०१२ च्या फेरीतली. इंटरनेटवरच्या नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तेव्हा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अर्ज मागवले आणि १,९३० अर्ज आले. त्यानंतर दार बंद झालं ते थेट २०२६ मध्ये उघडलं. या फेरीसाठी अर्जाची मुदत आहे ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट. चौदा वर्षांनी आलेली संधी म्हटल्यावर बोर्डरूममध्ये घाई होतेच, आणि "घेऊन टाकू, एकदाचे सुरक्षित होऊ" हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्या वाक्यातला 'एकदाचे' हा शब्द सगळ्यात महाग पडतो. ब्रँड टीएलडी घेतल्याने सुरक्षा मिळत नाही. ग्राहक, ईमेल, ॲप, छापील क्यूआर कोड असं सगळं तिथे हलवलं तरच ती मिळते. नुसतं घेऊन ठेवलं तर ते दरवर्षी भाडं भरायचं कुलूपबंद घर.

चूक पहिली: अर्जाची फी म्हणजेच खर्च

२०१२ मध्ये फी होती १,८५,००० डॉलर. २०२६ मध्ये ती २,२७,००० डॉलर आहे, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या घरात. बजेटच्या तक्त्यात हा आकडा टाकून लोक मोकळे होतात. खरं तर खर्च इथून सुरू होतो.

आयकॅनशी होणारा करार दहा वर्षांचा असतो. त्याखाली वर्षाला २५ हजार डॉलरच्या वर ठरलेली फी जाते. तुम्ही त्या टीएलडीखाली एक नाव वापरा, हजार वापरा, नाहीतर शून्य, ती चुकत नाही. दहा वर्षांची बेरीज केली तर ती अर्जाच्या फीच्याही पुढे जाते. शिवाय आपल्या सर्व्हर रूममधून टीएलडी चालवता येत नाही. त्यासाठी आयकॅनने तपासून मान्यता दिलेला तांत्रिक सेवादार घ्यावा लागतो, ज्याला धंद्यात सगळे 'बॅकएंड' म्हणतात. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा), डीएनएससेक (त्या उत्तरांवरची डिजिटल सही), नोंदणीची यंत्रणा, डेटाची त्रयस्थाकडे नियमित ठेव, मासिक अहवाल हे सगळं तो सांभाळतो आणि त्याचे पैसे वेगळे. आयकॅनची डीएनएससाठीची अट अशी की सेवा महिनाभर एक मिनिटही बंद दिसता कामा नये.

इकडचे खर्चही विसरू नका. परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जने जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. डॉलर पाठवताना टीडीएसचा प्रश्न येतो. हे सीएला अर्ज भरण्याआधी विचारायचं, बँकेत पैसे अडकल्यावर नाही. आणि अर्ज फेटाळला गेला किंवा आपण मागे घेतला तर पूर्ण फी परत मिळत नाही.

आता बचतीची बाजू. बरेच सल्लागार सांगतात की टीएलडी आलं की बचावासाठी घेतलेली शेकडो नावं सोडून देता येतील. तसं होत नाही. तुमचं जुनं डॉट कॉम किंवा डॉट को डॉट इन सोडलं की ते मोकळं होताच कुणीतरी उचलणार. त्या पत्त्यावर वर्षानुवर्षं येणारे ईमेल, जुन्या पासबुकांवर छापलेली लिंक, कुणाच्या तरी ब्राउझरमधला बुकमार्क, हे सगळं त्याच्या हातात जाणार. मुख्य जुनी नावं कायमची सांभाळावी लागतात. फार तर अगदी लांबची, कधीच न वापरलेली नावं कमी करता येतील, आणि त्यांची किंमत या हिशेबात चिल्लर असते.

चूक दुसरी: ट्रेडमार्क आपला, म्हणजे नाव आपलंच

टाटांचं उदाहरण घ्या. ट्रेडमार्कबद्दल कुणाला शंका असायचं कारण नव्हतं. पण मोरोक्कोमध्ये टाटा नावाचा एक प्रांत आहे. आयकॅनच्या नियमांत तो भौगोलिक नावांच्या यादीत बसतो, आणि अशा नावाला तिथल्या सरकारची हरकत नसल्याचं पत्र लागतं. त्यामुळे अर्ज अडकला. डॉट टाटा शेवटी मिळालं, पण मुंबईतल्या कंपनीला आपल्याच नावासाठी मोरोक्कोच्या राजधानीकडे, रबातकडे पाहावं लागलं. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीला तर अर्जेंटिना आणि चिलीच्या विरोधापुढे अर्ज मागेच घ्यावा लागला. ॲमेझॉनने नदीकाठच्या देशांशी वर्षानुवर्षं वाद घातला, आणि २०१२ ला मागितलेलं नाव २०२० मध्ये चालू झालं. मर्क नावाच्या दोन कंपन्या, एक जर्मन आणि एक अमेरिकन, दोघींकडे खरा ट्रेडमार्क, आणि दोघींनी एकच नाव मागितलं.

आपल्याकडे एकाच नावाच्या चार कंपन्या चार वर्गांत ट्रेडमार्क घेऊन सुखाने नांदतात. देवाच्या, आडनावाच्या, गावाच्या नावावरून ब्रँड असेल तर हा धोका आणखी मोठा. आयकॅनच्या करारात ब्रँडसाठी वेगळी सवलत आहे, तेरावं परिशिष्ट. ते मिळालं तर टीएलडी फक्त स्वतःसाठी, आपल्या समूहातल्या कंपन्यांसाठी आणि ट्रेडमार्कच्या परवानाधारकांसाठी बंद ठेवता येतं. पण त्यासाठी नोंदलेल्या ट्रेडमार्कमधली अक्षरं आणि मागितलेलं नाव तंतोतंत जुळावं लागतं. नोंद 'अमुक इंडस्ट्रीज' अशी आणि मागणी नुसत्या 'अमुक'ची, हे चालत नाही. लीगलने हे आधी तपासलं नाही तर पुढचं सगळं फुकट.

चूक तिसरी: नेमकं कुठलं दार बंद होतं हे न पाहणं

इथे जरा थांबू, कारण सगळी विक्री याच मुद्द्यावर होते.

डॉट कॉमचं नाव म्हणजे रजिस्ट्रारकडचं, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडचं, एक खातं. त्या खात्याचा पासवर्ड गेला तर तुमची वेबसाइट, ईमेल, नेटबँकिंग सगळं दुसरीकडे वळवता येतं आणि तुमच्या सर्व्हरला ओरखडाही उठत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या एका बँकेचं नेमकं हेच झालं. तिची ३६ डोमेनं हल्लेखोरांनी डीएनएसच्या नोंदी बदलून ताब्यात घेतली. ग्राहक पत्ता बरोबर टाइप करत होते, ब्राउझरमध्ये कुलूपही दिसत होतं, आणि पान चोराचं होतं. ईमेलही गेल्यामुळे बँकेला ग्राहकांना कळवायचीसुद्धा सोय उरली नाही. नूतनीकरण विसरण्याचा धोका वेगळाच. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचं हॉटमेल डॉट को डॉट यूके असंच निसटलं होतं.

ब्रँड टीएलडीत हा धोका बराच कमी होतो. तिथे नाव मुदत संपून बाजारात येत नाही, कारण बाजारच नाही. नोंदणी कोण करू शकतं हे तुम्ही ठरवता. सगळ्या टीएलडीवर एकदम नियम लावता येतो. ब्राउझरच्या एचएसटीएस यादीत गूगलने डॉट गूगल, डॉट ॲप, डॉट डेव्ह ही अख्खी टीएलडी घातली आहेत, म्हणजे त्यांखालचं कुठलंही पान एनक्रिप्शनशिवाय उघडतच नाही. विभागाने नवीन साइट काढली आणि एचटीटीपीएस लावायला विसरला, ही भानगड संपते.

पण फसवणाऱ्याला तुमचं टीएलडी लागतच नाही. त्याला ग्राहकाचा क्षणभराचा गोंधळ पुरतो. पत्ता उजवीकडून वाचायचा असतो हे किती ग्राहकांना माहीत आहे? 'ऑनलाइनएसबीआय डॉट एसबीआय' इतकं बरोबर लिहून त्यापुढे आणखी एक डॉट आणि दुसरंच नाव जोडलं, की तो पत्ता त्या दुसऱ्या नावाच्या मालकाचा होतो. मोबाइलच्या अरुंद पट्टीत शेवट दिसतही नाही. आणि आजकाल फसवणूक व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलने, म्हणजे थेट पाठवलेल्या ॲपने होते, तिथे डोमेनचा संबंधच नाही.

म्हणून फायदा एकाच गोष्टीतून येतो. ग्राहकाला एका ओळीत सांगता आलं पाहिजे: पत्ता आमच्या नावावर संपत नसेल तर तो आमचा नाही. हे वाक्य खरं असेल तरच सांगता येतं. अर्ध्या सेवा डॉट ब्रँडवर, कार्डांचं पान जुन्या डॉट कॉमवर, सर्व्हेची लिंक मार्केटिंगच्या एजन्सीच्या डोमेनवर, आणि नोकरभरती तिसरीकडेच, असं चित्र असेल तर ग्राहकाची अवस्था आधीपेक्षा वाईट. अर्धवट स्थलांतर ही या सगळ्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती तंत्रज्ञांची नसते. मार्केटिंगला "मोहिमेसाठी झटपट एक डोमेन घेऊ नका" असं सांगायची ताकद कुणाकडे आहे, याचा निकाल आधी लावा.

मायक्रोसॉफ्टने हे नीट केलं. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मायक्रोसॉफ्ट ३६५ मधली, लॉगिन करून वापरायची ॲप्स क्लाउड डॉट मायक्रोसॉफ्ट या एकाच नावाखाली येणार. कित्येक वर्षांत पसरलेली डोमेनं एका छताखाली आणायचा तो निर्णय होता, आणि तो त्यांनी टप्प्याटप्प्याने राबवला.

हलवताना काय काय मोडतं

हा भाग आयटीवाल्यांसाठी. इतरांनी वाचला तरी वेळापत्रक का लांबतं ते कळेल.

लॉगिन टिकत नाही. लॉगिन डॉट ब्रँड आणि शॉप डॉट ब्रँड ही तुम्हाला एकाच घरातली वाटतात. ब्राउझरला तसं वाटत नाही. त्याच्याकडे 'पब्लिक सफिक्स'ची यादी असते आणि तिच्यात तुमचं टीएलडी डॉट कॉमच्या रांगेत बसतं. डॉट कॉमवर कुकी (लॉगिनची आठवण ठेवणारी खूण) ठेवता येत नाही, तशीच डॉट ब्रँडवरही नाही. त्यामुळे त्या दोन पूर्ण परक्या साइट्स ठरतात आणि सिंगल साइन-ऑन, म्हणजे एकदाच लॉगिन करून सगळीकडे जायची सोय, कोलमडतं. उपाय म्हणजे एक मधलं नाव घ्यायचं आणि सगळी ॲप्स त्याच्याखाली टांगायची. क्लाउड डॉट मायक्रोसॉफ्टची रचना पाहा, ॲपचं नाव त्याच्या डावीकडे लागतं. ही गोष्ट पत्ते छापायच्या आधी ठरवा.

पासकी चालत नाहीत. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल चावी, डोमेनला बांधलेली असते. जुन्या नावावर तयार केलेली नव्या नावावर आपोआप ओळखली जात नाही, आणि नुसत्या टीएलडीला ती बांधताही येत नाही. जुन्या पत्त्यावर लॉगिन करून नवीन पासकी बनवायला ग्राहकाला पुरेसा वेळ द्या. पासवर्ड मॅनेजरचं दुखणं याच जातीचं: नवीन पत्त्यावर तो पासवर्ड भरत नाही, मग ग्राहक हाताने चिकटवतो. म्हणजे खोटी साइट ओळखायची जी एक सवय त्याला लागली होती, तीच आपण मोडून काढतो. हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

एसएमएस जात नाहीत. ही आपल्याकडची खास अडचण. ट्रायच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंक दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदलेली नसेल तर मेसेज अडवला जातो. नवीन पत्ता डीएलटीवर, म्हणजे या नोंदणीच्या यंत्रणेवर, नोंदवायचा राहिला की ओटीपी व्यवस्थित जातात, कारण त्यात लिंक नसते. पण स्टेटमेंटचा, केवायसीचा मेसेज गायब होतो, आणि दोन दिवस सगळे डीएनएसमध्ये चूक शोधत बसतात.

फॉर्म ईमेल नाकारतात. शेवटच्या डॉटनंतर दोन ते चारच अक्षरं असतात असं गृहीत धरून लिहिलेला कोड आजही कित्येक ठिकाणी चालू आहे. कर्मचाऱ्यांचे ईमेल नवीन टीएलडीवर नेण्याआधी पुरवठादारांची पोर्टलं, सरकारी फॉर्म आणि स्वतःचं ईआरपी तपासून घ्या. माझ्या मते वेबसाइट आधी, ईमेल सगळ्यात शेवटी. जुन्या नावाचं ईमेल पाठवणं थांबलं की त्या नावावर डीएमएआरसीचं 'रिजेक्ट' धोरण लावायचं, म्हणजे त्याच्या नावाने कुणी खोटे मेल सोडले तर ते पोहोचणार नाहीत. हे काम हमखास राहून जातं, कारण जुन्या नावाला तोपर्यंत कुणी वाली उरलेला नसतो.

ऑफिसातले सर्व्हर हरवतात. काही कंपन्यांनी आतल्या नेटवर्कला पूर्वीपासून स्वतःच्याच ब्रँडचं नाव दिलेलं असतं, शेवटी डॉट काही नाही. तेच नाव जगाच्या मूळ यादीत आलं की घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप फाइल सर्व्हर आत शोधण्याऐवजी बाहेर शोधतो. २०१२ च्या फेरीत यासाठीच नवीन टीएलडीला ९० दिवस मुद्दाम १२७.०.५३.५३ हा पत्ता द्यायला लावत. लॉगमध्ये हा विचित्र आयपी दिसला तर समजायचं की आतलं नाव बाहेर गळतंय. डॉट कॉर्प, डॉट होम आणि डॉट मेल ही नावं तर याच गोंधळापायी कुणालाच दिली गेली नाहीत. आतल्या नेटवर्कसाठी २०२४ मध्ये डॉट इंटर्नल हे नाव कायमचं राखून ठेवलंय, त्याच्यावर जा.

आणि नुसतं 'ब्रँड' एवढंच टाइप करून, बिनडॉटचं, पान उघडेल ही आशा सोडा. आयकॅनने २०१३ मध्येच त्याला मनाई केली. दर वेळी एखाद्या डायरेक्टरला हेच हवं असतं.

सगळं एकदम बंद पडलं तर? पहिला संशय डीएनएससेकवर घ्या. ते टीएलडीला सक्तीचं आहे आणि चाव्या बदलताना चुकलं की खालची सगळी नावं एका फटक्यात मरतात. ३० जानेवारी २०२४ ला रशियाच्या डॉट आरयूचं असंच झालं होतं. त्याआधी २००९ मध्ये स्वीडनचं अख्खं डॉट एसई एका हुकलेल्या टिंबापायी आडवं झालं. ही देशांची, वर्षानुवर्षं मुरलेली टीएलडी. तुमचा बॅकएंड चाव्या कधी बदलतो आणि रात्री दोनला फोन कोण उचलतो, हे करारात लिहून घ्या. मुख्य म्हणजे ग्राहकांना कळवायची आणीबाणीची एक वाट या टीएलडीच्या बाहेर ठेवा. जुनं डॉट कॉम इथे कामाला येतं.

एक छोटी गोष्ट. टीएलडीखालच्या नावांची यादी, म्हणजे झोन फाइल, आयकॅनच्या व्यवस्थेतून कुणालाही मागता येते. नवीन गाडीचं किंवा औषधाचं नाव लाँचच्या सहा महिने आधी नोंदवलंत तर प्रतिस्पर्ध्याला ते आयतं कळतं.

चूक चौथी: हे आपल्याला लागतं का, हे न विचारणं

स्टेट बँकेची गोष्ट इथे पूर्ण करतो. भारतात ब्रँड टीएलडी खरोखर वापरात आणणाऱ्या मोजक्या संस्थांत ती होती. मग रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेमार्फत. स्टेट बँकेचा पत्ता आता एसबीआय डॉट बँक डॉट इन असा आहे. म्हणजे स्वतःचं टीएलडी घेऊन, ग्राहकांना त्याची सवय लावून, पुन्हा एकदा सगळं हलवायचं. नियामकाने वाट बदलली की कोट्यवधींची गुंतवणूक अशी बाजूला पडू शकते. बँक, विमा, वित्तसंस्था असाल तर हा धोका अर्जाच्या आधी कागदावर मांडा.

पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ही चांगली बातमी आहे. देशातल्या सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांतल्या बहुतेक स्वतःचं टीएलडी घेण्याच्या स्थितीत नाहीत आणि घ्यायची गरजही नाही. डॉट बँक डॉट इन हे बंद आवारच आहे, बँक असल्याशिवाय आत नाव मिळत नाही. सांगली-साताऱ्याच्या बँकेला ब्रँड टीएलडीच्या सुरक्षेचा मोठा भाग त्यातून किरकोळ खर्चात मिळतो. ग्राहकाला सांगायची ओळही तितकीच सोपी राहते.

बँक नसलेल्या मध्यम कंपनीसाठी यादी वेगळी. डॉट कॉमला रजिस्ट्री लॉक लावा, म्हणजे नोंद बदलायला माणसाने फोनवर खात्री करावी लागते. रजिस्ट्रारच्या खात्याला हार्डवेअर चावी. डीएनएससेक, सीएए नोंद (आपल्या नावाचं सुरक्षा-प्रमाणपत्र कोण देऊ शकतं ते ठरवणारी), एचएसटीएसची ब्राउझर यादी, डीएमएआरसी 'रिजेक्ट'वर. ब्राझीलच्या त्या बँकेवरचा हल्ला यातल्या पहिल्या दोन उपायांनीच फार अवघड झाला असता. हे न करता टीएलडीच्या अर्जाला बसणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांना कुणी सल्लागार अडवत नाही, कारण त्याचं बिल टीएलडीवर निघतं.

चूक पाचवी: बाहेर पडायचा मार्ग आधी न शोधणं

मॅकडोनाल्ड्सने डॉट एमसीडी आणि डॉट मॅकडोनाल्ड्स दोन्ही घेतली, वापरली नाहीत आणि २०१७ मध्ये परत केली. इंटेलनेही आपलं सोडून दिलं. क्रायस्लर, डॉज हीसुद्धा गेली. न वापरलेलं टीएलडी परत करणं सोपं असतं. वापरलेलं परत करणं म्हणजे त्याच्यावरचा प्रत्येक ईमेल, प्रत्येक लिंक आणि प्रत्येक क्यूआर कोड एका तारखेला मरणार. तेराव्या परिशिष्टाखाली, करार संपल्यावर दोन वर्षं ते नाव तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, पण त्या दोन वर्षांत ते चालूही नसतं. कंपनी विकली गेली, नाव बदललं, समूह फुटून दोन भावांत वाटला गेला, तर टीएलडी कुणाकडे जाणार आणि दुसऱ्या भावाची साइट किती महिन्यांत हलणार, हे शेअरहोल्डर करारात घालून घ्या. करार अजून व्हायचा असेल तर तो होईपर्यंत महत्त्वाचं काहीही त्या पत्त्यावर नेऊ नका.